विश्लेषण : संकटाच्या रात्री दारात आधी कोण यावे, पोलीस की आशाताई?

अमेरिकेत कृष्णवर्णीय महिलांनी पोलिसांना पर्याय ठरणारी मदतपथके उभी केली. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतही गावातल्याच माणसांना तयार करून मनाच्या संकटात पहिली मदत पोहोचवण्याचा प्रयोग झाला. त्यातून काय हाती आले, कायदा काय सांगतो आणि अडते कुठे, याविषयी…

रात्रीचे अकरा वाजलेत. दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातले कुठलेही गाव. सोयाबीन हातचे गेले, कापसाला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले. घरातला कर्ता माणूस दोन दिवस धड जेवलेला नाही, कुणाशी बोललेला नाही आणि आता खोलीला आतून कडी लावून बसला आहे. बायकोने हाक कुणाला मारावी? ११२ वर फोन केला तर पोलिसांची गाडी येईल. गाडी आली की गाव गोळा होईल, उद्या ठाण्यात बोलावतील, चार लोकांत बोभाटा होईल. या धास्तीने फोन होतच नाही. हाक जाते ती शेजारणीला, आशाताईला किंवा अंगणवाडीताईला.

म्हणजे संकटात आधी कोण येते, याचे उत्तर वऱ्हाडातल्या गावांनी परस्परच देऊन टाकले आहे. मात्र जी बाई आधी येते, तिच्या हाताशी प्रशिक्षण, मोबदला आणि पाठीशी यंत्रणा आहे का, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत नेमके काय घडले?

अमेरिकेत कुठल्याही तातडीच्या प्रसंगी ९११ हा क्रमांक फिरवला जातो आणि बहुतेक वेळा शस्त्रधारी पोलीस येतात. घरात कुणाला मानसिक आजाराचा झटका आला, तरी तेच. कॅलिफोर्नियातील वॉलनट क्रीक शहरात २ जून २०१९ रोजी माइल्स हॉल हा २३ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण अशाच प्रसंगी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्याला मानसिक आजार असल्याचे कुटुंबाने पोलिसांना आधीच सांगून ठेवले होते. त्याची आई टॉन हॉल यांनी नंतर लढा उभारला. मानसिक संकटात पोलिसांऐवजी प्रशिक्षित पथक यावे, यासाठी कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केलेल्या कायद्याला माइल्सचे नाव देण्यात आले.

त्याआधी जानेवारी २०२० मध्ये सॅक्रमेंटो शहरात ‘एमएच फर्स्ट’ हे पथक सुरू झाले होते. पोलिसी हिंसेविरोधात काम करणाऱ्या ‘अँटी पोलीस-टेरर प्रोजेक्ट’ या संघटनेचा हा उपक्रम. कॅट ब्रुक्स आणि आपत्कालीन विभागात परिचारिका असलेल्या असांतेवा बॉयकिन या कृष्णवर्णीय महिला त्यामागे होत्या. परिचारिका, डॉक्टर, समुपदेशक आणि वस्तीतले स्वयंसेवक शनिवार-रविवारला लागून येणाऱ्या रात्री फोनवर थांबत आणि गरज पडली तर घरी जात. त्याच वर्षी ओकलंडमध्येही हे पथक सुरू झाले.

यात कृष्णवर्णीय महिलाच पुढे का?

कारण दोन्ही बाजूंनी मार त्यांनाच बसतो. घरात हिंसा झाली तर मदत हवी असते, पण पोलीस बोलावले तर मुलाचा किंवा नवऱ्याचा जीव जाईल ही भीती असते. स्वतः त्याही पोलिसी हिंसेच्या बळी ठरतात. त्यांची नावे मात्र बातम्यांत येत नाहीत. ती घेतली जावीत म्हणून २०१४ मध्ये ‘से हर नेम’ ही मोहीम सुरू झाली. त्याहीआधी, २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्साइट’ या संघटनेने सांगितले होते की, घरगुती हिंसेवर केवळ पोलीस आणि तुरुंग हे उत्तर ठेवले, तर गौरेतर बायका मदत मागायलाच येत नाहीत.

मागणी ‘पोलीस नकोतच’ एवढी सोपी नव्हती. शस्त्राची गरज नसलेल्या ठिकाणी शस्त्र घेऊन कुणी येऊ नये, असा तिचा रोख होता. हा विचार काही शहरांच्या प्रशासनांनीही उचलला. डेन्व्हर शहराने जून २०२० पासून काही प्रकारच्या फोनवर आरोग्य कर्मचारी आणि समुपदेशक पाठवणे सुरू केले. त्यावर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पथक जिथे फिरत होते त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी सुमारे ३४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

वऱ्हाडाशी याचा काय संबंध?

परिस्थिती सारखी नाही. आपल्याकडे मनाने खचलेल्या माणसावर पोलीस सहसा बंदूक रोखत नाहीत. पण ठाण्याची पायरी चढण्याची भीती इथेही आहे आणि ती सर्वांना सारखी नाही. जातीच्या अन्यायाविरोधात १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, ते दोन्हीकडच्या दुःखाची जात ओळखूनच.

त्याच वर्षी, मार्च १९७२ मध्ये, विदर्भातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. देश हे प्रकरण ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखतो. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, महिला रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेव्हाही पोलिसांच्या हलगर्जीवर बोट ठेवले गेले आणि निषेधाचे लोण अमरावतीपर्यंत पोहोचले.

अमरावती-अकोल्यातील फासेपारधी बेड्यांची कहाणी आणखी जुनी आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जन्मावरूनच काही जमातींना ‘गुन्हेगार’ ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला. तरी कुठे चोरी झाली की पहिली चौकशी बेड्यावर होते, ही तक्रार आजही संपलेली नाही. अशा घरातली बाई नवऱ्याने मारले म्हणून सहजी ठाण्यात जाईल, हे संभवत नाही.

आपल्या जागी आपले माणूस हवे, ही मागणीसुद्धा इथे नवी नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्यांबरोबरच, गिरण्यांत जिथे बायका काम करतात तिथे देखरेखीलाही बायकाच नेमाव्यात, असा ठराव तिथे झाला. अडचणीच्या वेळी समोर कोण उभे आहे, यावर बाई बोलेल की गप्प राहील हे ठरते. हे त्या परिषदेने ८० वर्षांपूर्वीच ओळखले होते.

कायदा काय सांगतो?

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली शिक्षा होऊ शकत होती. २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने चित्र बदलले. असा माणूस तीव्र ताणाखाली होता, असे गृहीत धरायचे आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही. त्याला उपचार आणि पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी ठरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम ठेवलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे.

याच कायद्याचे कलम १०० पोलिसांसाठी आहे. मानसिक आजार असलेली, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षण द्यायचे, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही.

कायदा बदलला, पण भीती तिथेच आहे. विषबाधेच्या रुग्णाची रुग्णालयात ‘एमएलसी’ म्हणून नोंद होते आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. ‘केस होईल’ या धास्तीने घरचे दवाखान्यात न्यायला उशीर करतात, नाहीतर डॉक्टरांपासून खरे कारण लपवतात. उपचारात अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. शिक्षा होत नाही, ही माहिती घरोघरी पोहोचणे हासुद्धा जीव वाचवण्याचाच भाग आहे.

अमरावतीत कोणता प्रयोग झाला?

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे अमरावती विभागाचे पाचही जिल्हे शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखले गेले. २००६ मध्ये केंद्राने या पाच जिल्ह्यांसह वर्ध्यासाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज दिले. त्यात भर होता कर्ज, व्याज आणि सिंचनावर. खचलेल्या मनाचे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

मानसिक उपचारांची सोयही दूर. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार, त्यातले विदर्भासाठी एक आणि तेही नागपुरात. अमरावतीहून ते सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. देशात एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, असे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या वेळचे चित्र होते.

या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, सुमारे एक लाख लोकसंख्येत, ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवण्यात आला. ‘विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम’ या नावाचे हे संक्षिप्त रूप. ‘संगाथ’ ही संस्था आणि टाटा ट्रस्टचे पाठबळ त्यामागे होते. रचना तीन पायऱ्यांची होती. गावातले आरोग्य कार्यकर्ते लोकांशी बोलणार, लक्षणे ओळखणार आणि मानसिक प्रथमोपचार देणार. त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक. आणि ज्यांना औषधाची गरज आहे त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ.

कार्यकर्त्यांनी ‘वेड’, ‘मनोरुग्ण’ असे शब्द टाळून ताणाविषयी बोलणे सुरू केले. ‘टेन्शन’ हा शब्द गावात सर्वांना कळतो आणि कुणालाही लागत नाही.

त्याचा परिणाम काय झाला?

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी उपचार किंवा मदत घेतली होती. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के झाले, म्हणजे सहापट. तरीही चारातले जवळपास तिघे मदतीविनाच राहिले, हेही याच आकड्यात आहे.

मात्र एक गोष्ट सिद्ध झाली. मोठे रुग्णालय न बांधता, ओळखीचा माणूस दारात आला तर लोक बोलतात. गोष्ट खोलीला कडी लावण्यापर्यंत जाण्याआधीच बोलतात.

मग हे सगळीकडे का झाले नाही?

राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन ताणाखालची कुटुंबे ओळखायची, पुढे जिल्हा रुग्णालयात समुपदेशन, सोबत १०४ ही हेल्पलाइन, अशी त्याची मांडणी. विचार योग्यच होता. प्रश्न आहे तो आशाताईच्या खांद्यावरच्या ओझ्याचा.

साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. राज्यात त्या सुमारे ७० हजार. गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणे आणि मोबाइलवर भरायची माहिती, हे सगळे तिच्याकडे. शासन तिला कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि कामावर आधारित मोबदला देते. २०२३-२४ मध्ये राज्यभर संप झाला. त्यानंतर मोबदल्यात दरमहा ५ हजार रुपयांची वाढ मिळाली. पण रात्री अकराला कुणाच्या घरी दोन तास बसून समजूत घालणे, हे काम कोणत्या रकान्यात लिहायचे?

पैसा थांबला की काय होते, हे अमेरिकेतही दिसले. ओरेगॉन राज्यातल्या युजीन शहरात ‘कहूट्स’ हे पथक १९८९ पासून पोलिसांऐवजी फोनवर धावून जात असे. जगभर नावाजलेले हे पथक निधीच्या ओढाताणीत एप्रिल २०२५ मध्ये त्या शहरात बंद पडले.

घरातल्या मारहाणीत कुणाकडे जायचे?

इथे महाराष्ट्राने वेगळी वाट काढली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष सुरू केला. कक्ष पोलिसांच्या आवारात, पण समोर बसणारी व्यक्ती प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. ती आधी ऐकून घेते, बाईला काय हवे ते विचारते आणि गरज असेल तिथेच पोलिसी अधिकार वापरायला लावते. पुढे हा नमुना राज्याच्या इतर जिल्ह्यांत गेला.

२००६ पासून लागू असलेल्या घरगुती हिंसाचार कायद्यात पोलिसांबरोबर संरक्षण अधिकाऱ्याचेही दार उघडले. एफआयआर न करताही बाई संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. संरक्षणाचा, घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मिळवू शकते. २०१५ पासून केंद्राच्या योजनेतून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आली. एकाच छताखाली उपचार, समुपदेशन, कायदेशीर मदत आणि पाच दिवसांपर्यंत निवारा, अशी त्यांची रचना आहे. अडचण अंतराची आहे. अमरावती किंवा अकोला शहरातले केंद्र धारणी किंवा पातूर तालुक्यातल्या गावातून रात्री गाठता येत नाही.

सारे गावावर सोपवणे धोक्याचे नाही का?

आहे, आणि हे स्पष्ट म्हणायला हवे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे आणि पाण्याचे वाद गावातच मिटवायला ती उपयोगी ठरली. पण नवऱ्याने मारले हा ‘तंटा’ नसतो. चार कारभारी बसून ‘जाऊ दे बाई, संसार आहे’ म्हणत असतील, तर बाईसाठी ते दुसरे ठाणेच. जातपंचायतींचा जाच इतका होता की सामाजिक बहिष्काराविरोधात राज्याला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

दुसरे टोक नागपूरने पाहिले आहे. कस्तुरबा नगर वस्तीतल्या महिलांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. दाद मिळाली नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव या गुंडाला जमावाने न्यायालयाच्या आवारातच ठार केले. पुढे २०१४ मध्ये आरोपींची मुक्तता झाली. यंत्रणा ऐकत नाही तेव्हा काय घडते, याचे हे उदाहरण आहे. पर्याय म्हणून त्याकडे पाहता येणार नाही.

म्हणून पर्यायी मदतीच्या तीन अटी ठरतात. मदतीला येणारी व्यक्ती प्रशिक्षित हवी. ती पीडित माणसाच्या बाजूची हवी, केवळ तडजोडीच्या बाजूची नको. आणि तिच्यावर देखरेख हवी. ‘विश्राम’मध्ये या तिन्हींची सोय होती. तंटामुक्ती समितीत ती असतेच असे नाही.

मग पोलीस कधी लागतात?

कुणाच्या हातात शस्त्र असेल, मारहाण सुरू असेल, लेकराच्या जिवाला धोका असेल, तर ११२ ला पर्याय नाही. बलात्कार, अ‍ॅट्रॉसिटी किंवा बालकांवरील अत्याचारात गुन्हा नोंदवणे हा पीडितेचा हक्क आहे आणि तिथे समेट सुचवणे हाच अन्याय. पोलिसांनी मागे राहावे, पण हाकेच्या अंतरावर असावे, असा या विचाराचा अर्थ आहे. गावात पोलीस पाटील हा दुवा आहेच. आता अनेक गावांत त्या जागी महिलाही आहेत. आशाताई आणि पोलीस पाटील या दोघांना एकत्र प्रशिक्षण दिले, तर कोणत्या दारात कोणी आधी जायचे, हे त्याच वेळी ठरवता येईल.

आज, आत्ता काय करता येईल?

मनावर ताण असह्य झाला असेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेवर मराठीतही बोलता येते. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८. जिवाला धोका असेल तर ११२.

घरातले माणूस गप्प झाले, झोप उडाली, ‘माझ्यावाचून तुमचे बरे चालेल’ असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधे कुलपात आणि शक्यतो घराबाहेर ठेवा. काही घडलेच तर वेळ न दवडता दवाखाना गाठा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार, नाहीतर जवळचे ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांना खरे तेच सांगा.

पुढे काय?

वऱ्हाडाला नवा शोध लावायचा नाही. कायदा आहे, प्रयोग झाला आहे, गावागावांत आशाताई आहेत. उरते ते तीन गोष्टींचे काम : तिला मनाच्या प्रथमोपचाराचे नियमित प्रशिक्षण, रात्रीच्या त्या दोन तासांचा मोबदला, आणि तिने फोन केला तर उचलणारा तालुक्यातला समुपदेशक. हे झाले नाही तर कडी लावलेल्या दाराबाहेर ती बाई आजच्यासारखीच एकटी उभी राहील.